नाशिकच्या गच्चीवरून पृथ्वीचा परीघ

पृथ्वी केवढी आहे हे स्वतः मोजून पाहायचे असेल, तर गच्ची, पुठ्ठा, गवंड्याचा ओळंबा आणि कोल्हापुरात राहणारा एखादा हौशी मित्र एवढी सामग्री पुरते. कोल्हापूर नाशिकच्या जवळजवळ थेट दक्षिणेला असल्याने दोन्हीकडची माध्यान्ह, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असण्याची वेळ, अवघ्या दोन मिनिटांच्या अंतराने होते. सूर्यकिरण समांतर येतात, म्हणून सूर्यकिरण उभ्या रेषेशी करतात तो कोन एकाच दिवशी माध्यान्ही दोन्ही गावांत मोजला, तर त्या कोनांतला फरक हाच पृथ्वीच्या केंद्राशी त्या गावांमध्ये होणारा कोन असतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमध्ये हीच रीत वापरली होती.

बहुतेकांचे गणित बिघडते ते काठीच्या सावलीच्या टोकापाशी. सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाची थाळी आहे, त्यामुळे एक मीटर उंच काठीच्या सावलीचे टोक सुमारे एक सेंटिमीटर पुसट होते, आणि तेवढी चूक झाली तर कोन अर्ध्या अंशाने चुकून परिघाच्या उत्तरात पाच-सहा हजार किलोमीटरची तफावत पडते. मी पहिल्यांदा काठीच वापरली होती आणि टोक नेमके कुठे संपते याचा निर्णय शेवटपर्यंत करू शकलो नव्हतो. म्हणून काठीऐवजी पुठ्ठ्याला तीन मिलिमीटरचे छिद्र पाडून तो जमिनीपासून बरोबर १०० सेंटिमीटर उंचीवर आडवा बसवावा. खाली सूर्याचे लहानसे गोल बिंब उमटते आणि त्याचा मध्य पेन्सिलीने सहज टिपता येतो. छिद्रातून ओळंबा सोडून त्याच्या टोकाखालीही खूण करावी. गच्चीला पाण्यासाठी ढाळ दिलेला असतो, तेव्हा खाली प्लायवूडची फळी पाचरी लावून लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) समपातळीत आणणे आवश्यक आहे.

माध्यान्ह घड्याळात बारा वाजता होत नाही. नाशिकला ती मार्चच्या विषुवदिनी सुमारे १२:४२ ला, तर सप्टेंबरच्या विषुवदिनी १२:२७ च्या आसपास होते. त्याआधी वीस मिनिटे आणि नंतर वीस मिनिटे, दर दोन मिनिटांनी बिंबाचा मध्य टिपत राहावे आणि ओळंब्याच्या खुणेपासूनचे सर्वांत कमी अंतर घ्यावे. विषुवदिनी हे अंतर नाशिकला ३६.४ आणि कोल्हापूरला ३० सेंटिमीटरच्या जवळपास यायला हवे. अंतराला उंचीने भागून कॅल्क्युलेटरवर टॅन इनव्हर्स काढल्यास २० आणि १६.७ अंश मिळतात, फरक ३.३ अंश.

दोन्ही गावांमधले दक्षिणोत्तर अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजावे, कारण एसटीच्या रस्त्याचे किलोमीटर येथे उपयोगाचे नाहीत. ते सुमारे ३६५ किलोमीटर भरते. ३६० ला ३.३ ने भागून ३६५ ने गुणले की ३९,८०० च्या आसपास उत्तर येते. ध्रुवांवरून जाणारा खरा परीघ सुमारे ४०,००८ किलोमीटर आहे.

विषुवदिनाचीच वाट पाहण्याची गरज नाही, कोणताही निरभ्र दिवस चालतो. मात्र मेच्या दुसऱ्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य या दोन गावांच्या मधोमध कुठेतरी डोक्यावर असतो आणि नाशिकची सावली उत्तरेला, तर कोल्हापूरची दक्षिणेला पडते. त्या दिवसांत कोनांची वजाबाकी न करता बेरीज करावी.