ईएसपी३२ च्या म्युझिक प्लेअरला ३२ जीबीचं कार्ड कसं जोडायचं

ईएसपी३२ चा बोर्ड (वायफायवाला छोटा मायक्रोकंट्रोलर) घेतला, मॅक्स९८३५७ए चिपवाला छोटा अँप (अँप्लिफायर) जोडला, स्पीकर लावला, गाणं वाजलं, घरातल्यांना बोलावून दाखवलं. इथपर्यंत मजाच असते. मग लक्षात येतं की नेहमीच्या बोर्डाची फ्लॅश (आतली साठवणीची जागा) ४ एमबी, त्यातली प्रोग्रामची जागा सोडली तर फायलींना उरते जेमतेम दीड एमबी, आणि १२८ केबीपीएसची एमपीथ्री सेकंदाला १६ केबी खाते. म्हणजे दीड मिनिट. अभंगाचं धृपद संपून पहिलं कडवं सुरू होतंय तोवर खेळ खलास.

मला आईच्या जुन्या कॅसेटी, ज्या मी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवल्या होत्या, त्या सगळ्या एका डब्यात घालायच्या होत्या, म्हणून मायक्रोएसडी कार्ड जोडायला घेतलं. वायरी जोडायला वीस मिनिटं लागली आणि बाकीच्या भानगडीत तीन रविवार गेले, तर ते तुमचे जाऊ नयेत एवढ्यासाठी हे.

आधी कार्ड तपासा, मग सोल्डरिंग गन हातात घ्या

कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच घ्या. ४ ते ३२ जीबीची कार्डं म्हणजे एसडीएचसी, ती फॅट३२ मध्ये (फायली मांडून ठेवायची एक पद्धत) असतात आणि आपल्या बोर्डाला तेच कळतं. ६४ जीबीपासून पुढची कार्डं एक्सफॅटमध्ये येतात, ती फॅट३२ ला फॉरमॅट करून चालतात खरी, पण विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत एवढ्या मोठ्या कार्डाला फॅट३२ हा पर्याय दिसतच नाही, वेगळं टूल शोधावं लागतं. आणि गरज काय? १२८ केबीपीएसला मिनिटाला साधारण १ एमबी, पाच मिनिटांचं गाणं ५ एमबी, म्हणजे ३२ जीबीत सहा हजार गाणी मावतात. एवढी ऐकून कोण संपवणार.

आता नकली कार्डाचं. मी बाजारातून स्वस्तात एक उचललं, वर ३२ लिहिलेलं, कॉम्प्युटरही ३२ दाखवतोय, कॉपी पण बिनतक्रार झाली, आणि मग अमुक एका फोल्डरच्या पुढची सगळी गाणी खरखर. मी दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत बसलो. कार्ड आतून ८ जीबीचं निघालं. असली कार्डं खोटा आकडा सांगतात आणि जागा संपली की लिहिलेलं हवेत सोडून देतात. म्हणून विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफथ्री चालवा, ते अख्खं कार्ड भरून परत वाचून बघतं. वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

मॉड्यूल आणि वायरी

पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला कार्डाचे मॉड्यूल (कार्ड बसवायचे छोटे बोर्ड) सहज मिळतात, पण त्यात दोन जाती आहेत हे दुकानदार सांगत नाही. एकात नुसता कार्डाचा खाचा आणि फार तर चार रेझिस्टर, याला ३.३ व्होल्ट द्यायचे. दुसऱ्यावर एक तीन पायांचा रेग्युलेटर आणि एक छोटी आयसी असते, तो ५ व्होल्टच्या अर्दुइनोसाठी बनवलेला आहे, त्याला ५ व्होल्टच द्यायचे. माझं इथेच चुकलं. ईएसपी३२ आहे ३.३ चा म्हणून मी रेग्युलेटरवाल्या मॉड्यूलला ३.३ दिले, तो रेग्युलेटर स्वतःच एक-सव्वा व्होल्ट खातो, कार्डापर्यंत पोचले सव्वादोनच्या आसपास, आणि कार्डाला किमान २.७ लागतात. कार्ड कधी उठायचं कधी नाही, आणि मी वायरी हलवत बसायचो. मीटर लावून कार्डाच्या पिनवर व्होल्टेज बघितलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं.

जोडणी अशी, आकडे ईएसपी३२ च्या जीपीआयओ पिनचे: सीएस (कार्ड निवडायची पिन) ५ ला, एससीके १८ ला, मिसो १९ ला, मोसी २३ ला, आणि ग्राउंड ग्राउंडला. अँपचा बीसीएलके २६, एलआरसी २५, डीआयएन २२, म्हणजे दोघांची कुठे टक्कर नाही. अँपच्या बोर्डावर एका पिनपाशी एसडी छापलेलं असतं, त्याचा कार्डाशी काहीएक संबंध नाही हां, ती शटडाउनची पिन आहे. हसू नका, मी तिथे वायर लावली होती.

वायरी बोटाएवढ्या ठेवा, कार्डाच्या व्हीसीसी आणि ग्राउंडमध्ये अगदी जवळ १०० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर लावा, कारण कार्ड मध्येच १०० मिलीअँपचा घोट घेतं आणि त्याच वेळी अँपने तबल्याचा ठोका वाजवला की व्होल्टेज बसतं. आणखी एक, त्या ५ व्होल्टवाल्या मॉड्यूलची आयसी मिसोची लाइन (कार्डाकडून बोर्डाकडे डेटा येतो ती) कधी सोडतच नाही, सीएस बंद असला तरी. एकटं कार्ड असेल तर फरक पडत नाही, पण त्याच लाइनवर डिस्प्ले वगैरे लावून त्याच्याकडून काही वाचायला गेलात की दोघं भांडतात. मग एक तर साधा मॉड्यूल घ्या नाहीतर डिस्प्लेला बोर्डाची दुसरी एसपीआय (या चार वायरींसारखा वेगळा जोडमार्ग) द्या.

कोडमध्ये काय बघायचं

मी ईएसपी८२६६ऑडिओ नावाची लायब्ररी वापरली, नावात ८२६६ असलं तरी ३२ वर चालते. फ्लॅशमधून वाचणारा सोर्स काढून एसडीवाला टाकायचा, बाकी कोड तसाच. कार्ड सुरू करताना स्पीड सांगितला नाही तर ४ मेगाहर्ट्झ धरला जातो आणि एमपीथ्रीला तो भरपूर होतो, सेकंदाला जास्तीत जास्त ५०० केबी येतात आणि आपल्याला हवेत १६. उगाच स्पीड वाढवू नका. उलट कार्ड लागत नसेल तर १ मेगाहर्ट्झवर करून बघा, तेव्हा चाललं तर दोष वायरींचा.

पण सरासरी स्पीड चांगला असला तरी कार्ड मधूनच क्षणभर अडतं, त्यासाठी सोर्सच्या पुढे बफर लावा. १६ केबीचा बफर म्हणजे १२८ ला एक सेकंदाचा साठा. लूपमध्ये डिले टाकू नका, अख्खी स्क्रीन परत परत रंगवू नका, नाहीतर गाणं उचकी लागल्यासारखं वाजतं आणि आपण शिव्या कार्डाला देतो.

आता एक गंमत. माझी पाच गाणी छान वाजायची आणि सहावं गप्प. दर वेळी सहावंच! गाण्यांचा क्रम बदलला तरी सहावंच. एसडी लायब्ररी एका वेळी पाचच फायली उघड्या ठेवू देते, आणि मी गाणं संपल्यावर फाईल बंदच करत नव्हतो. क्लोज लिहिलं, मिटलं.

सहा हजार गाण्यांची यादी

सगळी गाणी एकाच फोल्डरमध्ये टाकली तर नीट चालेल असं वाटतं, चालतं पण रडत-खडत, कारण फॅटमध्ये नाव शोधायचं म्हणजे फोल्डर पहिल्यापासून वाचत जायचं. चार हजारावं गाणं दाबलं की डबा विचारात पडतो. मी शंभर-शंभराचे फोल्डर केले आणि फायलींना नावं न देता नुसते नंबर दिले, इंग्रजी आकड्यांत. गाणं क्रमांक २३४७ म्हणजे फोल्डर २३, फाईल २३४७. पत्ता नंबरवरूनच निघतो, शोधाशोध नाही.

मग गाण्याचं नाव कुठून दाखवायचं? सगळी नावं मेमरीत मावत नाहीत, या चिपची रॅमच ५२० केबी, त्यातली बरीच आधीच गेलेली. म्हणून कार्डावरच एक यादीची फाईल, प्रत्येक ओळ बरोब्बर १२८ बाइटची, कमी पडलं तर स्पेस भरून. २३४७ वं नाव हवं तर २३४७ गुणिले १२८ एवढं पुढे सरकायचं आणि वाचायचं, झालं (मोजायला शून्यापासून सुरुवात करा). देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, सगळे तीन-तीन बाइट घेतात हे विसरू नका, १२८ मध्ये अशी चाळीस-बेचाळीसच बसतात. ही फाईल कॉम्प्युटरवर छोट्या पायथन स्क्रिप्टने करा, हाताने नको. काही एडिटर फाईलच्या सुरुवातीला गुपचूप तीन बाइट घालतात आणि मग प्रत्येक नाव एका अक्षराने सरकतं, आधीच्या ओळीची शेपटी नावाच्या सुरुवातीला येते.

गाण्यांमध्ये चिकटवलेले अल्बमचे फोटो काढून टाका, ते फाईलच्या सुरुवातीलाच बसलेले असतात आणि प्लेअरला ते ओलांडून जावं लागतं, म्हणून गाणं उशिरा सुरू होतं. मॅकवरून कॉपी करणाऱ्यांनी टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फायली पुसाव्यात.

कार्डावर प्लेअरकडून काही लिहू नका. आई बटण बंद करत नाही, सरळ प्लग ओढते, आणि लिहिताना लाइट गेली की फाईल सिस्टीमच बिघडू शकते. शेवटचं गाणं कोणतं होतं ते बोर्डाच्या आतल्या प्रेफरन्सेसमध्ये (लाइट गेली तरी टिकणारी छोटी जागा) ठेवा, तेही गाणं बदलल्यावर एकदाच, दर सेकंदाला नाही.

डबा बंद करायच्या आधी रात्रभर वाजवून बघा, आवाज बारीक करून. आणि कार्डाचा खाचा डब्याच्या कडेला येईल असा बसवा, मी आत बसवला आणि आता नवीन कीर्तन घालायचं म्हटलं की चार स्क्रू काढतो.