पातीवर पाणी थांबतं का, ते आधी बघा: कांद्यासाठी घरचं रिठा-पाणी

थंडी ओसरली, दुपारचं ऊन चटकायला लागलं, की रब्बी कांद्यात फुलकिडे, म्हणजे पात खरवडून रस शोषणारे बारीक किडे, झपाट्यानं वाढतात. याच दिवसांत निंबोळी अर्काच्या दोन-तीन फवारण्या होऊनही प्लॉट पांढरा पडलेला दरवर्षी दिसतो. मग सेंद्रिय औषधात दम नाही म्हणून शेतकरी दुकान गाठतो. बहुतेक वेळा अर्क चांगलाच असतो, तो पातीला लागलेलाच नसतो.

कांद्याची पात उभी, गोल आणि मेणचट. तिच्यावर नुसता अर्क मारला तर थेंब अळवावरच्या पाण्यासारखा घरंगळून मातीत जातो. फुलकिडे बसलेले असतात गाभ्यात, दोन पातींच्या बेचक्यात. पसरणारं पाणी मात्र पातीवरून पातळ थरानं खाली सरकतं आणि थेट त्या बेचक्यात उतरतं. म्हणून कांद्यात पसरवणारं द्रव्य विसरून चालत नाही. कोबी, लसूण, अळू यांचंही तसंच आहे.

निंबोळी अर्काच्या नेहमीच्या कृतीत 5 किलो निंबोळी पावडर, पसरवण्यासाठी 200 ग्रॅम साबण आणि एकूण 100 लिटर पाणी असतं. पाणी गोडं असेल तर ती कृती ठीक आहे. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर साबण फाटतो, वर पांढरी साय येते, फेस मरतो आणि तीच साय नोझलमध्ये अडकते. कपड्याची पावडर तर टाकूच नका. तिच्यातला सोडा पात भाजतो, मेण धुऊन काढतो, आणि मेण गेलेल्या पातीवर जांभळा करपा हा बुरशीचा रोग लवकर बसतो. दुकानदार प्रत्येक औषधासोबत पसरवणाऱ्या सिलिकॉनची बाटली हातात ठेवतो. ती काम करते, नाही असं नाही. पण रिठ्यानं काम होत असताना त्या बाटलीला पैसे घालायची गरज नाही, आणि प्रमाणित सेंद्रिय प्लॉट असेल तर प्रमाणन संस्थेला विचारल्याशिवाय ती वापरूही नका.

रिठा क्षाराच्या पाण्यात साबणासारखा फाटत नाही. एका एकराला फवारणीचं पाणी साधारण 200 लिटर, म्हणजे 15 लिटरचे तेरा पंप धरले, तर 1 किलो अख्खा रिठा आणा. घेताना साल दाबून बघा. चांगली साल बोटाला चिकटते. कोरडी खडखडीत, भुसा पडणारी घेऊ नका. फोडून काळं बी टाका, त्याला फेस नाही. अर्धा किलोच्या वर साल निघते. त्यातली अर्धा किलो 5 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी हातानं चांगली चोळा, मग स्टीलच्या किंवा जर्मनच्या पातेल्यात मंद आचेवर वीस मिनिटं ठेवा. खळखळून उकळी आणू नका, फेस उतू जातो. गार झाल्यावर दुहेरी सुती कापडानं गाळा. चार लिटरच्या आसपास मिळतं. कुटून पूड केलीत तर नाकाला फडकं बांधा आणि गाळताना आळस करू नका, तिचा गाळ नोझल बंद पाडतो.

हे पाणी दोन दिवसांत आंबतं. आंबट वास आला, तार आली, की फेस उतरतो. लागेल तेवढंच करा, साठवायची असेल तर वाळलेली साल साठवा.

आता मात्रा. लिटरला 20 मिलीपासून सुरुवात करा, पण डोळे झाकून हाच आकडा धरू नका, कारण रिठ्याची साल सारखी नसते. तीन ग्लासांत एक-एक लिटरच्या हिशेबानं 10, 20 आणि 40 मिलीचं द्रावण करा. फवारणीचा अर्क त्यात घातलेला असू द्या. प्लॉटमधलीच ताजी पात बुडवून वर काढा. थेंब मण्यांसारखे सुटे राहिले तर मात्रा कमी. पात सगळीकडून सारखी ओली दिसली तर तीच मात्रा बरोबर. ज्या कमीत कमी मात्रेला पात ओली होते, ती धरा. जास्त घातलं तर पाणी बेचक्यातही न थांबता वाहून जातं आणि पातीचे शेंडे करपतात. बोअर बदलली, रिठा नवा आणला, औषध बदललं की पुन्हा पात बुडवा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि नेमकं हेच राहून जातं.

पंपात आधी पाणी, मग अर्क, शेवटी रिठा, आणि हळू ढवळायचं. रिठा आधी टाकलात तर पंप फेसानं भरतो आणि नोझल हवा मारतं.

निंबोळी तेल मारायचं असेल (लिटरला 5 मिली, म्हणजे पंपाला 75 मिली) तर ते सरळ पंपात ओतू नका. बाटलीत 75 मिली तेल आणि 300 मिली रिठा-पाणी घेऊन दुधासारखं होईपर्यंत हलवा. दहा मिनिटं ठेवा. वर तेलाचा तवंग आला तर आणखी रिठा घाला, तवंगासकट मारलेलं तेल पात जाळतं. थंडीच्या सकाळी तेल गोठतं, तेव्हा बाटली कोमट पाण्यात ठेवा, चुलीवर नको.

शिकेकाईचा फेस कमी, मात्रा दुप्पट धरावी लागते असा अंदाज आहे. कोरफडीचा गर चिकटवतो, पसरवत नाही, आणि नीट गाळला नाही तर नोझल तुंबतं. पावसाळ्यात औषध धुऊन जाऊ नये म्हणून रिठ्यासोबत तांदळाच्या पिठाची पातळ खळ पंपाला 150 मिली घालता येते. आत्ता तिची गरज नाही.

व्हर्टिसिलियम, बिव्हेरिया, ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशींच्या औषधांत रिठा मिसळू नका. तो बुरशीला मारक आहे, मग ती उपयोगाची असली तरी.

बाकीची कामं:
– दव असताना फवारणी नको. ऊन उतरल्यावर, चारनंतर.
– अर्क त्याच दिवशी संपवा.
– नोझल गाभ्याकडे धरा.
– तुषार सिंचन असेल तर सुरू ठेवा, फुलकिडे कमी राहतात.
– कडेला मक्याच्या दोन ओळी, पुढच्या हंगामासाठी.
– उशिरा युरिया नको.

फवारणीनंतर तिसऱ्या दिवशी दहा-बारा रोपांचा गाभा उघडून पांढऱ्या कागदावर झटका आणि मोजा. रोपामागे 30 फुलकिडे ही नुकसानीची पातळी मानतात. पण वारा कोरडा आणि दुपारी गरम असेल तर तीसची वाट बघू नका, पंधरा-वीस दिसले तरी पुढची फवारणी घ्या.

रिठा माशांना विषारी आहे. पंप, पातेलं, गाळायचं फडकं, काहीच शेततळ्यात धुऊ नका. चोथा खताच्या खड्ड्यात टाका. आणि द्रावण ढवळताना डोळे सांभाळा, रिठा डोळ्यात गेला तर भयंकर झोंबतो. लगेच भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवा.