कोल्हापुरी परदेशी पाठवायचीय? आधी पाय सेंटिमीटरमध्ये मोजा

माझे वडील कोल्हापुरात सुभाषनगरला पायताणं करतात, ऑनलाइन विक्री मी बघते. आमच्याच धंद्यातल्या बायका विचारतात, बाहेर माल पाठवायला सुरुवात कुठून करू? मी सांगते, मापापासून.

जर्मनीला गेलेला आमचा पहिला जोड इथला ८ नंबर होता. तिकडे नंबर ३९, ४०, ४१ असे चालतात. गिऱ्हाइकाचा अंगठाच शिरेना. परत मागवायचा खर्च जोडापेक्षा जास्त, म्हणून पैसे परत दिले आणि चप्पल तिकडेच राहिली. वडिलांचे चार दिवसांचे हात त्यात होते. तेव्हापासून मी नंबर विचारतच नाही. कागदावर उभं राहा, पेन सरळ धरून पायाभोवती रेघ मारा, टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी आणि चवड्याची रुंदी कळवा. दोन्ही पायांची, आणि संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. चामडं वापरून सैल पडतं, हेही आधीच लिहा.

फोटो खिडकीच्या उजेडात फोननेच काढा: तळ, वेणी (चामड्याची विणलेली पट्टी) जवळून, आणि पायात घातलेली चप्पल. संदेशाचं भाषांतर फोन करून देतो, पण ते परत मराठीत फिरवून वाचा. आमची 'वेणी' केसांची झाली होती! आता फोटोवरच बाण काढून पाठवते.

युरोपातली गिऱ्हाइकं क्रोमियमबद्दल विचारतात. क्रोमियम क्षार वापरून कमावलेल्या चामड्यात त्याचं क्रोमियम-६ हे घातक रूप तयार होऊ शकतं. त्वचेला लागणाऱ्या चामड्यात ते किलोला ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी लागतं. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं हे आपलं बळ आहे, पण ज्याच्याकडून घेता त्याच्याकडून तसं लिहून घ्या. २०१९ साली कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून आपल्या नावाची नोंदणी जरूर करा.

कागदपत्रांना घाबरू नका. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी क्रमांक, ऑनलाइन ५०० रुपयांत निघतो, मात्र दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अद्ययावत करावा लागतो. जीएसटी नोंदणी असेल तर एलयूटी हे हमीपत्र भरा, म्हणजे निर्यातीवर कर आधी भरावा लागत नाही. जकातीसाठी मालाचा जगभर चालणारा क्रमांक, म्हणजे एचएस कोड, आपल्या चपलेसाठी ६४०३.२० आहे: चामडी तळ, पावलावरून आणि अंगठ्याभोवती चामडी पट्टे. जगाच्या जकात यादीत आपल्या चपलेचा आकारच लिहिलाय, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवलं. पार्सल डाकघर निर्यात केंद्रातून, म्हणजे पोस्टाच्या निर्यात खिडकीतून जातं. तिकडची जकात कोण भरणार, हे ऑर्डर घेतानाच ठरवा. अमेरिकेतली ८०० डॉलरपर्यंतची सूट ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाली.

पावसाळ्यात जोड दोन-तीन दिवस घरात वाऱ्याला ठेवा, कागदात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये कोंडू नका. सिलिका जेलची पुडी टाका. बुरशीनाशक पुडी मात्र नको: अशा काही पुड्यांत असणाऱ्या डायमिथाइल फ्युमरेट या रसायनावर युरोपात बंदी आहे.