टर्नटेबल सुधारताना पैसा आधी कुठे घालावा

चांगला टर्नटेबल, म्हणजे तबकड्या वाजवायचं यंत्र, हाती आला की मन लगेच महागड्या काट्रिजकडे (सुई धरणाऱ्या छोट्या डबीकडे) धावतं. विदर्भातल्या गावात राहत असाल तर तो मोह थोडा आवरा. आधी जागा, मग वीज, मग काट्रिज.

माडीच्या लाकडी पाटणीवर टर्नटेबल ठेवू नका, कुणी चाललं की सुई उडते. जुन्या वाड्याच्या जाड भिंतीत झाकण उघडण्याइतका मोठा कोनाडा असेल तर उत्तमच. नाहीतर खालच्या खोलीत पक्का ओटा बांधून त्यावर कडप्पा बसवा. स्पिरिट लेव्हल प्लॅटरवर, म्हणजे तबकडी फिरते त्या थाळीवर, ठेवून तपासा, खालच्या पेटीवर नाही. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचं बांधकामही हलतं. म्हणून दर मोसमाला लेव्हल पुन्हा पाहायलाच हवी. कूलर दुसऱ्या भिंतीला लावा, त्याची थरथर सुईपर्यंत पोचते. तबकड्या उभ्या ठेवा. टिनाच्या छताखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीला नकोच, मे महिन्यात त्या वाकतात.

आता वीज. टर्नटेबलमधल्या एसी सिंक्रोनस मोटरचा वेग व्होल्टेजवर नाही, विजेच्या ५० हर्ट्झ वारंवारतेवर ठरतो. म्हणजे स्टॅबिलायझरने वेग सुधारत नाही. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर ऐकायचं असेल तर तो साइन वेव्हचाच घ्या, स्क्वेअर वेव्हवर मोटर गुणगुणते. स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज येत असेल तर टर्नटेबलची बारीक अर्थिंगची तार फोनो स्टेजच्या (काट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागाच्या) स्क्रूला लागली आहे का ते पाहा. घराचं अर्थिंगही वायरमनकडून तपासून घ्या.

हे झालं की काट्रिज. इथे घाई करू नका, कारण नीट न बसवलेलं महाग काट्रिज नीट बसवलेल्या साध्यापुढे फिकं पडतं. अॅम्प्लिफायर बंद करा, सुईवर टोपी चढवा. चार तारांचे रंग ठरलेले असतात: पांढरी डावा प्लस, निळी डावा मायनस, लाल उजवा प्लस, हिरवी उजवा मायनस. चिमट्याने हळू सरकवा, ओढू नका. मग काट्रिजची दिशा जुळवायचा कागदी प्रोट्रॅक्टर १०० टक्के मापात छापून पट्टीने पडताळा. टोपी काढून सुई प्लॅटरच्या मध्यापासून ६६ आणि सुमारे १२१ मिलिमीटरवरच्या दोन्ही बिंदूंवर टेकवा. दोन्हीकडे काट्रिजच्या कडा रेघांना समांतर आल्या पाहिजेत. एकीकडे जमलं आणि दुसरीकडे नाही, तर काट्रिज पुढेमागे करा. शेवटी वजनकाट्याने सुईचा दाब मोजा. कंपनीने १.८ ते २.२ ग्रॅम म्हटलं असेल तर मधला आकडा धरा. दाब कमी ठेवल्याने तबकडी वाचते हा समज खोटा आहे. हलकी सुई खाचेत नाचते आणि खाच तीच खरवडते.

मूव्हिंग कॉइल प्रकारचं काट्रिज (ज्यात तारेची गुंडाळी हलते) घेणार असाल तर फोनो स्टेजचा खर्चही धरा. मूव्हिंग मॅग्नेटला (ज्यात चुंबक हलतं) साधारण ४० डेसिबल वाढ पुरते, कमी आउटपुटच्या कॉइलला ६० च्या आसपास लागते.

टोनआर्म, म्हणजे काट्रिज धरणारा दांडा, सगळ्यात शेवटी, तोही काट्रिजच्या लवचिकतेशी जुळणारा. दोघांचा मिळून अनुनाद, म्हणजे ते ज्या वारंवारतेला सगळ्यात जास्त थरथरतात ती, ८ ते १२ हर्ट्झमध्ये यावा.

घरात आजोबांच्या वेळच्या लाखेच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या असतील तर त्यांच्यासाठी सुमारे ७५ मायक्रॉनची रुंद सुई वेगळी घ्या. एलपीची बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते.