एअर पिस्तूल घरी ‘सुधारताय’? ट्रिगर आणि साइटच्या या चुका टाळा

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी संपून नेमबाजीची रेंज पुन्हा भरली की पहिल्या आठवड्यात माझ्या टेबलावर पिस्तुलं येऊन पडतात. सुट्टीआधी ती उत्तम चालत होती. ‘सर, ट्रिगर जरा हलका केला होता.’ ‘सर, फोरसाइट (नळीच्या टोकाकडचं नेम धरायचं पातं) थोडी घासली.’ ‘सर, व्हिडिओत बघून केलं.’ दरवर्षी मुलं नवी असतात, चुका मात्र त्याच.

दहा मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचं मधलं वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचं असतं. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, कुठलंही चांगलं मॅच पिस्तूल शिकंज्यात घट्ट धरून, त्याला मानवणारे पेलेट (शिशाच्या गोळ्या) घालून मारलं, तर त्याचा ग्रुप, म्हणजे शॉटचा पुंजका, या वर्तुळात आरामात बसतो. धातूचं काम कंपनीने करून दिलेलं आहे. आपल्याला फक्त ते पिस्तूल आपल्या हाताला आणि डोळ्याला बसवून घ्यायचं असतं, आणि पेच त्यासाठीच दिलेले असतात. पेच जरूर फिरवा. कानस आणि पॉलिश पेपर मात्र पिस्तुलाच्या जवळही आणू नका.

सिअर घासणे

याबद्दल मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण हीच चूक सगळ्यात महाग पडते आणि धोक्याचीही आहे.

ट्रिगर दाबला की आत एक बारीक धार दुसऱ्या धारेवरून सुटते आणि हॅमर, म्हणजे शॉट सोडणारा हातोडा, मोकळा होतो. ती अडकवून धरणारी धार म्हणजे सिअर. तिचा कोन ठरलेला असतो आणि पृष्ठभाग कडक केलेला असतो. कडकपणाचा हा थर पुष्कळदा पातळ असतो. पॉलिश पेपर फिरवला की पहिले काही दिवस ट्रिगर सुरेख वाटतो आणि इथेच माणूस फसतो. वरचा थर गेला की खालचा मऊ धातू रोजच्या शॉटबरोबर झिजत राहतो, कोन गोलसर होतो आणि वजन आपोआप उतरू लागतं.

राज्य स्पर्धेची तयारी करणारा एक मुलगा होता. होल्ड (पिस्तूल स्थिर धरणं) चांगला, डोकं शांत, पण घाई फार. त्याच्या काकांचं भोसरीला वर्कशॉप. दोघांनी मिळून एका रविवारी ट्रिगर युनिट उघडलं, सिअर चकचकीत केला आणि मूळची स्प्रिंग काढून बॉलपेनची कापून बसवली. आठवडाभर तो सगळ्यांना ट्रिगर दाबून बघायला देत होता. स्पर्धेच्या दिवशी इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे साहित्य तपासणीला, 500 ग्रॅमचं वजन लावलं, तर ते टेबलावरून उचललं जायच्या आधीच ट्रिगर सुटला. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. मग बाजूला बसून त्याने पेच आवळले, पुन्हा रांगेत उभा राहिला आणि कसाबसा पास झाला. साइटिंग शॉट, म्हणजे मॅचआधीचे गुण न धरले जाणारे शॉट, सुरू झाले. पेलेट घालून त्याने लोडिंग लिव्हर बंद केली आणि पिस्तूल स्वतःहून उडालं. बोट ट्रिगरच्या जवळही नव्हतं. नळी समोर होती म्हणून पेलेट फायरिंग लाइनच्या पुढे जमिनीत गेलं. रेंज ऑफिसरने त्याला तिथेच थांबवलं, आणि बरोबरच केलं.

वडील मला म्हणाले, “सर, काहीतरी आवळून आजचा दिवस निघणार नाही का?” नाही निघणार. घासलेला धातू आवळून परत येत नाही. नवा सिअर परदेशातून मागवावा लागला आणि मुलाचा तो हंगाम गेला. स्पर्धेच्या अगदी मध्येच पिस्तूल बिघडलं की काय होतं, हे 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकला सगळ्यांनी पाहिलं आहे. मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीत बंद पडलं, बराच वेळ गेला आणि 575 गुणांवर तिची अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तिच्या पिस्तुलाची निगा जाणकार लोक राखत होते. यंत्र मुळात तसंही दगा देऊ शकतं, मग आपण आणखी कारणं कशाला पुरवायची?

सिअर किती अडकावा यासाठी वेगळा पेच असेल, तर तो एका वेळी एक अष्टमांश फेरा, त्याहून जास्त नाही. प्रत्येक बदलानंतर माझी एक तपासणी ठरलेली आहे. पिस्तूल रिकामं, नळी टार्गेटकडे, कॉक केलेलं (हॅमर चढवलेला), बोट ट्रिगरच्या बाहेर. मग दुसऱ्या हाताच्या तळव्याने ग्रिपला खालून आणि दोन्ही बाजूंनी ठोकायचं. हॅमर सुटला, तर सिअर कमी अडकतोय. पेच उलटा फिरवायचा आणि पुन्हा ठोकून बघायचं.

500 ग्रॅमचा हिशेब

नियमाने ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा हवा. काही मुलं तो बरोबर 500 वर आणून ठेवतात. घरी पास होतो, मॅचला नापास होतो. मी 515 ते 520 वर ठेवतो. ते पंधरा-वीस ग्रॅम बोटाला कळतही नाहीत.

मोजायला महागडं साधन लागत नाही. छोट्या बाटलीला तारेचा हूक लावा, आत वाळू भरा आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर हूकसकट 500 ग्रॅम करून घ्या. नळी सरळ वर धरायची, हूक ट्रिगरच्या पात्याच्या मध्यावर अडकवायचा आणि सावकाश उचलायचं. पात्याच्या खालच्या टोकाला हूक लावलात, तर तरफ लांब होते आणि ट्रिगर हलका भासतो. झटक्याने उचललंत, तरी तसंच. तपासणी हवा भरलेल्या पिस्तुलावर करा, कारण स्पर्धेतही ती तशीच होते. पेलेट आत नाही ना, हे आधी डोळ्यांनी बघा. घरच्यांना त्या खोलीतून बाहेर काढा आणि मगच सुरू करा.

दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये वजनाची वाटणी हा आवडीचा भाग आहे. मी नवीन मुलांना पहिल्या टप्प्यात 380-400 आणि उरलेलं दुसऱ्यात देतो. बोट आधी बरंचसं वजन घेऊन थांबतं आणि शेवटचं थोडंच उरतं. उलट वाटणी केली की पोरं दुसऱ्या टप्प्याशी झटापट करतात आणि शॉट ओढला जातो.

ट्रिगर सुटल्यानंतर तो मागे किती जाईल, हे ठरवणारा स्टॉप अगदी शून्यावर आणू नका. उकाड्यात किंवा धूळ साचल्यावर शॉटच सुटेनासा होतो. किंचित जागा सोडा.

आणि ‘ट्रिगर जड आहे’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांचा ट्रिगर मुळात जड नसतोच. पातं फार पुढे किंवा फार मागे असतं, बोट तिरकं पडतं आणि दाब सरळ मागे न जाता बाजूला जातो. पातं पुढेमागे सरकवा, पहिल्या पेराचा मधला भाग त्यावर काटकोनात बसू द्या. तेवढ्याने जमलं नाही, तर ग्रिपला पुट्टी लावून हात नीट बसवा. वजनाचा पेच त्यानंतर.

प्रत्येक शॉटनंतर साइट फिरवणे

एक शॉट डावीकडे आठला गेला की बॅकसाइटचा (डोळ्याजवळच्या, खाचेच्या साइटचा) पेच दोन क्लिक उजवीकडे. पुढचा उजवीकडे नऊ, की एक क्लिक परत. तासाभराने साइट कुठे आहे हे मारणाऱ्यालाच ठाऊक नसतं. एका मुलीच्या बॅकसाइटचा पेच या नादात पार टोकाला जाऊन अडकला होता आणि ती म्हणत होती, पिस्तूल वाकलंय.

थोडं गणित बघा. फोरसाइट आणि बॅकसाइट यांच्यातलं अंतर 320 मिलिमीटरच्या आसपास धरा. बॅकसाइटच्या खाचेतली फोरसाइट एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर शॉट सुमारे 31 मिलिमीटर सरकतो. म्हणजे मधल्या दहापासून थेट काळ्या भागाच्या बाहेर, कारण काळा भागच 59.5 मिलिमीटर व्यासाचा आहे, म्हणजे मध्यापासून तिशीच्या आतच. आता साइट जुळलेल्या ठेवून अख्खा हात एक मिलिमीटर हलला, तर शॉट एकच मिलिमीटर सरकतो. नवशिक्याचे शॉट विखुरतात ते साइट जुळवण्यात, आणि तो औषध शोधतो क्लिकमध्ये.

म्हणून माझ्याकडे एका शॉटवर साइट फिरवायला बंदी आहे. पाच शॉट मारा, तेही मनासारखे सुटलेले. त्यांचा ग्रुप एका जागी असेल, तर त्याच्या मध्यापासून हिशेब करा. ग्रुपच नसेल, तर हात मागे घ्या. बॅकसाइट ज्या दिशेला सरकेल त्या दिशेला शॉट जातो, एवढं पाठ असू द्या. पेचावरच्या अक्षरांवर आंधळा विश्वास नको. काही कंपन्यांचं अक्षर शॉट कुठे जाईल ते सांगतं, काहींचं कुठे पडला ते. नवं पिस्तूल हातात आलं की दहा क्लिक एका बाजूला फिरवून पाच शॉट मारा आणि वहीत लिहून ठेवा.

खाच कानशीने रुंद करणारेही भेटतात. बहुतेक मॅच पिस्तुलांची खाच पेचाने कमी-जास्त होते, नसेल तर बॅकसाइटचं वेगळ्या मापाचं पातं मिळतं. फोरसाइटच्या दोन्ही बाजूंना उजेडाची फट स्वच्छ दिसली पाहिजे. फट अगदी बारीक केली की नेम अचूक होतो, हा गैरसमज आहे. डोळा लवकर थकतो आणि मुलगा शॉट धरून बसतो.

फोरसाइटला पांढरा किंवा भगवा ठिपका देऊ नका, फायबर-ऑप्टिक काडी तर स्पर्धेत चालतच नाही. साइट काळी कुळकुळीत आणि बिनचमकीची हवी. घासून चमकायला लागली असेल, तर ती काढून कापराच्या ज्योतीवर धरा. कापराची काजळी दाट आणि मऊ बसते. पिस्तुलावर असताना हे करू नका, शेजारी हवेचं सिलिंडर असतं.

घरच्या पॅसेजमध्ये एका बल्बखाली साइट लावून थेट बालेवाडीला मॅच मारायला येऊ नका. स्पर्धेत टार्गेटवर किमान 1500 लक्स उजेड असतो. उजेड बदलला की फट वेगळी दिसते आणि ग्रुप वरखाली होतो. ते नीट करायला साइटिंगची वेळ आहे.

बाकीचं थोडक्यात. ट्रिगर युनिटमध्ये शिवणयंत्राचं तेल ओतू नका, धूळ धरतं. हवेच्या झडपांना आणि सिलिंडरच्या तोंडाला खनिज तेल अजिबात नको, जास्त दाबाच्या हवेत ते पेटू शकतं. पेच सैल होतो म्हणून पक्का लॉक करणारा गोंद लावू नका, नेलपॉलिशचा एक ठिपका पुरतो आणि पेच हलला तर लगेच दिसतो. सरावासाठी पिस्तुलाची ड्राय फायरची (पेलेट न घालता ट्रिगर दाबायची) सोय वापरा. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल, तर मॅचच्या आधी बॅटरी बदला, संपायची वाट बघू नका. कुठलाही पेच फिरवण्याआधी तो कुठे होता ते वहीत लिहा, म्हणजे परत येता येतं. आणि सिलिंडरवर कोरलेली तारीख बघा. बहुतेक कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात आणि मुदत संपलेलं सिलिंडर घेऊन रेंजवर आलात, तर मी ते भरू देणार नाही.