रुग्णालयात गुणवत्ता राबवताना: फ्रीजच्या रजिस्टरने शिकवलेले

परभणी जिल्ह्यातल्या एका छोट्या रुग्णालयात गुणवत्ता समन्वयक म्हणून रुजू झालो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात औषधांच्या फ्रीजचे रजिस्टर उघडले. इन्सुलिनचा साठा 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावा लागतो. रजिस्टरमध्ये मात्र महिनाभर, दिवसातून तीन वेळा, एकाच पेनाने 4 हाच आकडा लिहिलेला होता, आणि त्याच महिन्यात गावातली लाइट कित्येकदा रात्र-रात्र गेलेली होती. इन्चार्ज सिस्टरना एकट्यात विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, मागं एकदा 11 लिहिलं, तर सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. तेव्हापासून 4च लिहितो आम्ही."

शंकेचा साठा आम्ही त्याच दिवशी बाजूला काढला. कारण साधेच निघाले: जनरेटरची लाइन शस्त्रक्रियागृहाला आणि आयसीयूला होती, फ्रीजचा प्लग मात्र साध्या लाइनवर होता. इलेक्ट्रिशियनने अर्ध्या दिवसात तो बदलून दिला. खरा आकडा लिहिण्याची मुभा असती, तर हे काम कितीतरी आधी झाले असते. म्हणून नव्याने येणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो की, चुका कळवण्याचे फॉर्म छापण्यापूर्वी व्यवस्थापनाकडून एक गोष्ट लेखी घ्या: जो स्वतःहून चूक कळवेल, त्याच्यावर त्या नोंदीवरून कारवाई होणार नाही.

मानकांचा अभ्यास अर्थातच करावा लागतो. एनएबीएच, म्हणजे रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ, 2005 मध्ये स्थापन झाले आणि 50 खाटांपर्यंतच्या रुग्णालयांसाठी त्याची स्वतंत्र मानके आहेत; सरकारी रुग्णालयांसाठी एनक्यूएएस ही केंद्र सरकारची गुणवत्ता मानके असून त्यांच्या राष्ट्रीय प्रमाणपत्रासाठी एकूण किमान 70 टक्के गुण लागतात. ही पुस्तके टेबलावर बसून पाठ करण्यापेक्षा एका रुग्णासोबत केसपेपरच्या खिडकीपासून डिस्चार्जपर्यंत चालत जावे आणि वाटेत कुठे त्याचे नाव विचारले गेले नाही, कुठे तो नुसताच ताटकळला, हे टिपावे.

आपल्याकडची पाण्याची अडचण मानकांत वेगळी लिहिलेली नसते. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा भागात 'हात धुवा' एवढी पाटी पुरत नाही. हात दिसण्याइतके मळलेले नसतील तेव्हा अल्कोहोलयुक्त हँडरब चालतो, म्हणून बाटली व्हरांड्याच्या टोकाला न ठेवता प्रत्येक खाटेशी लावली. रक्त लागलेल्या हातांना साबण-पाणीच लागते, त्यामुळे वॉर्डातल्या बेसिनसाठी वेगळी टाकी राखून ठेवली.

जैववैद्यकीय कचरा कोणत्या डब्यात टाकायचा, याचा इंग्रजी तक्ता मावशींना वाचता येत नव्हता. मराठीत चित्रांसह तो केला, पण डबे ड्रेसिंगच्या ट्रॉलीजवळ हवेत ही सूचना मावशींचीच होती, आणि खरा फरक तिनेच पडला.

तीन महिन्यांनी फ्रीजच्या रजिस्टरमध्ये रात्रपाळीच्या सिस्टरांनी लिहिले होते: "पहाटे 5.10, 9 अंश. दाराचे रबर सैल. इन्सुलिन आयसीयूच्या फ्रीजमध्ये हलवले. सरांना फोन केला."