ताब्याचा दावा लावायचाय? आधी पिशवी भरा

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्याचे सगळे कागद आईच्या एका खाकी कापडी पिशवीत होते. तळमजल्यावरच्या भाडेकरूंवर तिने २००६ मध्ये दावा लावला, तेव्हा ती ६१ वर्षांची होती. खोल्या रिकाम्या होऊन हातात आल्या २०२२ मध्ये, आणि तोवर आई राहिली नव्हती. भाडे नियंत्रण कायद्यात लिहिलंय की समन्स बजावल्यापासून बारा महिन्यांत दावा निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. प्रयत्न होतच असतो बिचारा. तुम्ही मात्र तयारी दहा-पंधरा वर्षांच्या हिशेबाने करा. म्हणजे तुमची स्मरणशक्ती गेली, साक्षीदार गेला, वकील बदलला, तरी दावा कागदांवर उभा राहिला पाहिजे.

सगळ्यात आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: आत बसलेला माणूस कायद्याने कोण आहे? राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर दिलेली जागा असेल, करार नोंदवलेला असेल आणि मुदत संपली असेल, तर कोर्टात जायचं कारणच नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा. तिथे समोरच्याला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतरच्या दिवसांसाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट नुकसानभरपाई मागता येते. हा रस्ता तुलनेने जवळचा आहे. फक्त करार नोंदवलेला हवा. ‘अकरा महिन्यांचाच आहे, नोंदवायची गरज नाही’ हा समज महाराष्ट्रात खरा नाही. कलम ५५ प्रमाणे नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल आतला माणूस जे सांगेल ते, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत, खरं धरलं जातं. मुदत संपल्यावरही नवा करार न करता महिन्याच्या महिन्याला पैसे घेत बसू नका.

जुना पागडीचा किंवा वाड्यातला भाडेकरू असेल तर मात्र मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी लघुवाद न्यायालय, ते नसेल तिथे दिवाणी न्यायालय. इथून पुढचं सगळं अशा दाव्यांसाठी आहे.

मालकीचे कागद आधी. सिटी सर्व्हेतून ताजं प्रॉपर्टी कार्ड काढा आणि त्यावर कोणाचं नाव आहे ते बघा. आमच्या कार्डावर आजोबांचंच होतं. वारस नोंद करून घ्यायला जो वेळ लागतो तो दावा लावण्याआधी जावा, नंतर नाही. सहमालक एकटाही दावा लावू शकतो, पण बाकीच्या भावंडांची लेखी संमती पिशवीत असू द्या. नाहीतर उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येतो.

मग जागेचं वर्णन. या परिच्छेदावर थांबा, कारण आम्ही इथे सपशेल आपटलो. आमच्या दाव्यात ‘तळमजल्यावरील रस्त्याच्या बाजूच्या दोन खोल्या’ एवढंच होतं. आतल्या खोलीच्या डोक्यावर एक लाकडी माळा होता, त्याला स्वतंत्र दार आणि स्वतंत्र कुलूप. तो सगळ्यांना माहीत होता, म्हणून कोणी लिहिलाच नाही. ताब्याच्या दिवशी बेलिफ, म्हणजे ताबा द्यायला आलेले कोर्टाचे कर्मचारी, त्या कुलपासमोर उभे राहिले, वॉरंट वाचलं, आणि यात माळा नाही म्हणाले. वर्णन दुरुस्त करून परत वॉरंट निघायला पाच महिने गेले. तेव्हा टेप घेऊन आत जाता येत नसेल तर बाहेरून मोजा, पण चतुःसीमा, ओटा, मोरी, संडास, माळा, जिन्याखालची जागा, सगळं लिहा आणि हाताने का होईना नकाशा जोडा. नोटीस, दावा आणि हुकूमनामा (कोर्टाचा अंतिम लेखी आदेश), तिन्हींत वर्णन एकच हवं.

भाडेपावत्यांची स्थळप्रत असलेली पुस्तकं शोधा. कसर लागलेली, पानं चिकटलेली असली तरी फेकू नका. पानागणिक फोटो काढून ठेवा. भाडेकरू मनीऑर्डर पाठवत असेल आणि आपण रागाने परत पाठवत असू, तर तो राग आपल्यालाच महाग पडतो, कारण मग तो थकबाकीदार ठरत नाही. घ्यायची असेल तर ‘हक्क अबाधित ठेवून’ असं पावतीवर लिहून घ्यावी. नेमके शब्द वकिलांना विचारा.

तसं म्हटलं तर थकबाकी या कारणावर फार विसंबू नये, असं माझं मत. आमचं भाडं महिना ४२ रुपये होतं. लेखी नोटीस पोचल्यापासून ९० दिवस सरल्याशिवाय त्या कारणावर दावा लागत नाही, आणि लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सगळी बाकी, १५ टक्के सरळ व्याज आणि खर्च भरला की ते कारण संपतं. ४२ रुपयांवर १५ टक्के कोणाला जड जातात?

खरी भिस्त त्याच कायद्याच्या कलम १६ वर, ताबा मागायची बाकीची कारणं तिथे आहेत. जागा भाडेकरू वापरतच नसेल, तर दाव्याआधीचे सलग सहा महिने ती बंद होती हे दाखवावं लागतं, आणि ते शेजाऱ्यांच्या तोंडी साक्षीपेक्षा वीजवापराने चांगलं दिसतं. महावितरणकडे ग्राहकाचं सीपीएल, म्हणजे महिन्यागणिक वापराचं आणि बिलांचं खातं, असतं. ते कोर्टामार्फत मागवता येतं. पोटभाडेकरू असेल तर पाटी, टपाल, दुकानाचा परवाना, जे दिसेल त्याचे तारखेसह फोटो. फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फोन विकू नका.

स्वतःची गरज हे कारण घेणार असाल तर आपल्या नावावरचं सगळं, अगदी बंद पडलेला वाकडचा फ्लॅटसुद्धा, दाव्यात उघड लिहा. लपवलेली एक जागा उलटतपासणीत निघाली की उरलेली खरी गरजही खोटी दिसते. भाडेकरूला जास्त त्रास की मालकाला, हेही कोर्ट तोलतं. म्हणून त्याची दुसरी घरं कुठे आहेत याची माहिती आधीच गोळा करा. आम्ही पुतण्याच्या शिक्षणासाठी खोल्या हव्यात असं लिहिलं होतं. तो तेव्हा आठवीत होता. निकाल लागेपर्यंत तो बेंगळुरूला नोकरीला. समोरच्या वकिलांनी त्यावर भरपूर करमणूक करून घेतली. आमच्या वकिलांनी मग गया प्रसाद विरुद्ध प्रदीप श्रीवास्तव हा सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा निकाल काढला: गरज अर्जाच्या तारखेला खरी होती का ते बघायचं, आणि यंत्रणेच्या संथपणाची शिक्षा मालकाला द्यायची नाही. त्या खटल्यात २३ वर्षं गेली होती. तरी माझं सांगणं, गरज लिहिताना एकाच पोराच्या दहावीवर टांगू नका. घरात जिना न चढू शकणारं माणूस असेल तर ते आधी लिहा.

नोटिशीची पोचपावती जपा. रजिस्टर्ड एडी म्हणायची सवय आहे, पण २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन केलं. तेव्हा पोचपावतीसह स्पीड पोस्ट, आणि ट्रॅकिंगचं पान त्याच आठवड्यात छापून ठेवा, कारण ते साइटवर कायम राहत नाही.

आता माणसं. पिशवीत सगळ्यात नाशवंत वस्तू म्हणजे साक्षीदार. मालक वयस्क असेल तर ज्येष्ठ नागरिक म्हणून प्राधान्याचा अर्ज पहिल्याच महिन्यात द्या. तब्येत नाजूक असेल तर साक्ष लवकर नोंदवून घ्यायचा किंवा साक्ष घ्यायला कोर्टाने नेमलेला कमिशनर घरी पाठवायचा अर्जही करता येतो. मुलगा अमेरिकेत आणि मुखत्यारपत्र मामाकडे, अशी व्यवस्था पुण्यात घरोघरी आहे. पण जे मालकाला व्यक्तिशः माहीत आहे त्याची साक्ष मुखत्याराला देता येत नाही. त्या मुलाने उलटतपासणीला यायचं आहे, हे त्याला आजच सांगा. समोरच्या घरातल्या माणसांचीही यादी ठेवा. आमचे भाडेकरू म्हणजे आमच्या बारशाला जेवलेली माणसं, आम्ही त्यांना काकाच म्हणायचो. काका २००९ मध्ये गेले. मयताचे वारस ९० दिवसांत रेकॉर्डवर आणले नाहीत तर दावा ॲबेट होतो, म्हणजे आपोआप संपतो, आणि त्यांच्या इंदूरच्या मुलीचा पत्ता आमच्याकडे नव्हता. पुढे उशीरमाफीचा अर्ज, त्यावर म्हणणं, त्यावर युक्तिवाद: सात महिने.

वकिलांना पहिल्याच भेटीत विचारा की तारखेला कोण उभं राहणार आणि फी टप्प्याटप्प्याने कशी. सीएनआर क्रमांक (खटल्याचा ई-कोर्ट्सवरचा स्वतंत्र क्रमांक) लिहून घ्या, ई-कोर्ट्स अ‍ॅपवर रोजनामा, म्हणजे तारखेला काय झालं त्याची नोंद, स्वतः वाचा, आणि प्रत्येक कागदाची एक प्रत घरी ठेवा. समोरचा परत परत तारीख मागत असेल तर हरकत लेखी नोंदवा आणि खर्च मागा.

या सगळ्या वर्षांत पाणी तोडणं, वीज बंद करणं, कुलूप बदलणं मनात येईल. करू नका. अत्यावश्यक सेवा तोडल्या तर त्याच भाडे कायद्याचं कलम २९ आड येतं, आणि जबरदस्तीने बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत घेऊ शकतो, मालकीचा प्रश्न न काढता. वाडा पडेल आणि प्रश्न सुटेल या आशेवरही राहू नका; इमारत पडली म्हणून भाडेहक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगून ठेवलंय.

तडजोडीचा आकडा मनात नाही, कागदावर लिहून ठेवा आणि दरवर्षी बदला. लोक अदालतीत मिटलं तर त्यावर अपील नाही, हा मोठा फायदा. पण पुरसिसमध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या लेखी निवेदनात, ताब्याची तारीख आणि हमीपत्र हवंच.

हुकूमनामा झाला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्या आणि वरच्या कोर्टात कॅव्हेट, म्हणजे आपलं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज, टाका. ते ९० दिवसच टिकतं, संपलं की पुन्हा टाका. भाडेकरूने अपिलात स्थगिती मागितली तर आत्माराम प्रॉपर्टीज या २००४ च्या निकालाच्या आधारे बाजारभावाने रक्कम भरण्याची अट मागा. त्यासाठी आसपासच्या तशाच जागांच्या नोंदलेल्या करारांचे इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातले गोषवारे) आणि मूल्यांककाचा अहवाल तयार हवा. आमच्याकडे हे होतं, आणि ४२ रुपयांचे महिना ९,००० झाले. तडजोडीचा पहिला निरोप त्यानंतर आला.

शेवटी दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज. ताबा वॉरंट निघालं की बेलिफांबरोबर पंच, कुलूपवाला, दोन हमाल आणि टेम्पो सांगून ठेवा. आत सामान असेल तर यादी करावी लागते, म्हणून कोरे कागद आणि कार्बन. टॉर्च न्या, वीज तोडलेली असू शकते. नवं कुलूप न्या, माळ्यासाठी दुसरं. पंचनाम्यावर सही करण्याआधी प्रत्येक खोलीचा फोटो काढा, मीटरचं रीडिंग लिहून घ्या, ताबापावतीची नक्कल मागा. पिशवी घरी आणलीत की माळ्यावर टाकू नका. वीज आणि पाणीपट्टी आपल्या नावावर करायला तेच कागद परत लागतात.